पाऊस आला की एबीएस, स्टिअरिंग आणि एअरबॅगचे दिवे एकदम लागतात, मॉड्यूल बदलू का?

सुदामानगरकर · रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर झालेत, पहिल्यापासून माझ्याकडेच आहे, रोज सुदामा नगर ते पीथमपूर जाणं-येणं असतं. जूनपर्यंत काही त्रास नव्हता. पाऊस सुरू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात राऊच्या चौकात यू टर्न घेताना एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा, स्टिअरिंगचा दिवा आणि एअरबॅगचा दिवा असे तिन्ही एकदम लागले आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. बाजूला घेतली, बंद करून चालू केली, एअरबॅग सोडून बाकीचे दोन गेले. तेव्हापासून पाच-सहा वेळा झालंय, बहुतेक वेळा पावसातच.

दोन ठिकाणी दाखवली. पहिल्याने चाकाच्या सेन्सरमध्ये पाणी गेलंय म्हणून पुढचे दोन्ही सेन्सर बदलले, तीन हजार गेले, चार दिवसांनी परत तेच. दुसऱ्याने स्कॅनर लावला आणि म्हणाला "भिया, एबीएस का मॉड्यूल गया, और स्टेरिंग का भी जाने वाला है". एबीएसच्या मॉड्यूलचं, म्हणजे त्याच्या कंट्रोलच्या डब्याचं, एकट्याचंच २८ हजार सांगतोय, ते पण जुनं काढलेलं. स्कॅनरचा फोटो मी काढून ठेवलाय. इंजिनच्या ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) यू ०१२१ हा कोड आहे, एबीएसमध्ये सिस्टम व्होल्टेज लो असं काहीतरी आणि एअरबॅगमध्येही व्होल्टेजचंच.

बॅटरी मागच्या दिवाळीत नवीन टाकलीय. सेल्फ एका फटक्यात लागतो, थंडीतसुद्धा. म्हणून बॅटरी-वायरिंगचा प्रश्न नसणार असं दोघंही म्हणाले.

पुढच्या शनिवारी आई-बाबांना ओंकारेश्वरला न्यायचंय, सिमरोलवरून भेरूघाट उतरून. घाटात वळणावर स्टिअरिंग जड झालं तर काय, या विचाराने झोप लागत नाहीये. २८ हजार घालवायला हरकत नाही पण घालवून तरी ते जाईल का एवढंच कुणी सांगा.

महूकर · रविवार, रात्री १०:२०

मॉड्यूल अजिबात घेऊ नका घाईने. तीन वेगवेगळे डबे एकाच क्षणी खराब होत नाहीत हो. तिघांत सामाईक काय आहे ते शोधा. माझ्या गाडीला ब्रेक दाबला की मागचा पार्किंग लाइट आणि इंडिकेटर मिणमिण करायचे, मी तीन वेळा बल्ब बदलले, शेवटी निघालं काय तर टेल लॅम्पची अर्थची, म्हणजे करंट परत नेणारी मायनसची वायर गंजलेली. अर्थ मिळत नाही म्हटल्यावर करंट दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढून परत जातो, म्हणून भलताच दिवा पेटतो. तुमच्याकडेही अर्थिंगच बघा आधी.

तिलकनगर · रविवार, रात्री १०:४१

अल्टरनेटर चेक करा. सोपी पद्धत आहे, गाडी चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर ठीक, बंद पडली तर गेला. आमचे मेकॅनिक असंच बघतात.

जुना वायरमन · सोमवार, सकाळी ६:१५

तिलकनगरवाले दादा, रागावू नका पण हे पुन्हा कुणाला सांगू नका आणि स्वतःही करू नका. चालू गाडीत बॅटरी हा मोठा आधार असतो, ती अचानक काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळतं, किती उसळेल याचा नेम नाही, आणि त्या एका झटक्यात ईसीयू, म्युझिक सिस्टम, मीटर काहीही उडू शकतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत उडायला काही नव्हतं म्हणून ही सवय पडली. आता मीटर घ्यायचा, इंजिन चालू, बॅटरीच्या दोन्ही खांबांवर लावायचा. १३.८ ते १४.५ च्या मध्ये दाखवला की अल्टरनेटर चार्ज करतोय. एवढंच काम आहे.

आता सुदामानगरकर, तुमच्याकडे येतो. मी ३१ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचंच काम केलंय, छावणीत दुकान होतं, आता मुलगा बघतो. तुमचा दुसरा मेकॅनिक फोटोत दिसतंय तेच चुकीचं वाचतोय. यू ०१२१ चा अर्थ इंजिनच्या ईसीयूचं एबीएसच्या डब्याशी बोलणं तुटलं. डबा मेला असं तो कोड म्हणत नाही. माणूस फोन उचलत नाही म्हणजे तो गेला असं आपण म्हणतो का? आणि एबीएसचा डबा स्वतः काय सांगतोय तर मला व्होल्टेज कमी मिळालं. एअरबॅगही तेच सांगतोय. म्हणजे तिघंही ओरडून एकच गोष्ट सांगतायत आणि ऐकणारा त्यांनाच बदलायला निघालाय.

व्होल्टेज कमी मिळण्याची कारणं दोन, एक तर प्लसकडून कमी येतंय किंवा मायनसकडून परत जायला रस्ता अरुंद झालाय. प्लसचं सगळे बघतात कारण तिकडे फ्यूज आहेत, रिले आहेत, बघायला काहीतरी आहे. मायनसला कुणी हात लावत नाही, कारण तो म्हणजे बॉडीला मारलेला एक काळा बोल्ट. गाडीत प्रत्येक दिव्यापासून दोन वायरी बॅटरीपर्यंत येत नाहीत, एक येते, परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. आणि पत्र्यातून बॅटरीत जायचं तर मध्ये एक-दोन ठिकाणीच जोड असतात. तिथे गंज आला, बोल्ट सैल झाला, रंग बसला, की सगळ्या गाडीचं पाणी एका चिंचोळ्या मोरीतून काढल्यासारखं होतं.

मला दोन गोष्टी सांगा. एक, गाडी कधी ठोकली गेली का, पुढे डेंटिंग-पेंटिंग झालंय का. दोन, पाऊस नसताना हे एकदाही झालं का, आणि झालं तर त्या वेळी गाडीत काय काय चालू होतं.

सुदामानगरकर · सोमवार, दुपारी १:३०

काका, हो! मार्चमध्ये बायपासला एका पिकअपने डाव्या बाजूने पुढे मारली होती, बंपर, डावा हेडलाइट, डावा एप्रन (बॉनेटखालचा, चाकावरचा आतला पत्रा) बदलला, क्लेममध्ये झालं. काम दिसायला एकदम छान झालंय म्हणून डोक्यातच आलं नाही.

आणि पाऊस नसताना एकदा झालंय, रात्री छप्पन दुकानजवळ पार्किंग करत होतो, जागा कमी होती म्हणून स्टिअरिंग खूप फिरवावं लागलं, हेडलाइट आणि एसी चालू. तेव्हा वाटलं होतं गाडी धुवून आणलेली म्हणून असेल.

मी आत्ताच जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्याचा मीटर घेऊन बघितलं. ओहमवर ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत मोजलं, ०.३ ओहम आलं. बीप पण वाजला. म्हणजे अर्थ चांगलाच आहे ना? मग तर मॉड्यूलच ना?

हार्नेसवाली · सोमवार, रात्री ८:०५

दादा, थांबा, त्या ०.३ वर विश्वास ठेवू नका. मी पीथमपूरला वायरिंग हार्नेसच्या टेस्टिंगवरच काम करते म्हणून हे मनापासून लिहितेय, यात फार लोक फसतात. तुमच्या मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून बघा, तेव्हाही ०.२-०.३ ओहमच दाखवेल. तो तुमच्या मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स आहे. म्हणजे तुम्ही अर्थ मोजलाच नाही, मीटर मोजला.

साधा हिशेब सांगते. समजा त्या जोडावर फक्त ०.०३ ओहम आहे. साधा मीटर हे दाखवूच शकत नाही. पण त्यातून ४० अँपियर गेले की ४० गुणिले ०.०३ म्हणजे १.२ व्होल्ट तिथेच खाल्ले गेले. ८० अँपियर गेले तर २.४. आणि बीपवाला मोड तर मीटरच्या छोट्या बॅटरीतून दोन-चार मिलिअँपियर पाठवून बघतो, एवढा करंट जाड केबलचा एक धागा शिल्लक असला तरी आरामात जातो. अर्थ कधीही करंट वाहत असताना आणि व्होल्टवरच मोजायचा.

आता तुमचं पाऊस आणि छप्पनचं जे आहे ना, ते वाचून मला तर उठून गाडी बघायला यावंसं वाटलं. पावसात आपण काय काय चालू करतो? हेडलाइट, दोन मिळून ९ अँपियरच्या आसपास. मागच्या काचेचं डिफॉगर, १२-१५. ब्लोअर फुल, १५-२०. वायपर, पाच-सहा. ४० च्या वर तर तिथेच गेलं. आणि त्यात यू टर्न घेतला की इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर जागेवर फिरवताना ५० अँपियरसुद्धा मागू शकते. छप्पनला पाऊस नव्हता पण हेडलाइट होते, एसी होता आणि जागेवर स्टिअरिंग फिरवणं होतं. म्हणजे पाऊस गुन्हेगार नसावा, लोड असावा. सेन्सरमध्ये पाणी जातंय हा निष्कर्ष सगळ्यांनी पावसावरून काढला, आणि पाऊस फक्त तुमच्याकडून सगळी बटणं चालू करून घेत होता.

सेल्फ मस्त लागतो यावरूनही अर्थ चांगला असं ठरत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हवरून साधारण दोन केबल निघतात, एक जाड ती गिअरबॉक्सला किंवा इंजिनला जाते, एक थोडी बारीक ती बॉडीला. सेल्फ गिअरबॉक्सला बसवलेला असतो म्हणून त्याचा एवढा मोठा करंट जाड केबलनेच परत येतो. बॉडीची केबल पूर्ण गंजली तरी सेल्फ खणखणीत लागेल.

असं मोजा. मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजमध्ये. काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, खांबावर म्हणजे शिशाच्या गोल भागावर, क्लॅम्पवर नाही, कारण क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्येही खराबी असू शकते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून चालू करा, हेडलाइट, ब्लोअर, डिफॉगर सगळं चालू करा. मग लाल काडी एकदा इंजिनच्या उघड्या धातूवर, एकदा बॉडीच्या उघड्या बोल्टवर. दोन्हीकडे ०.१ च्या आत हवं. ०.२ च्या वर गेलं तर तिथे काम आहे. मग कुणाला तरी आत बसवून स्टिअरिंग जागेवर पूर्ण फिरवायला सांगा आणि आकडा किती उडी मारतो बघा. फॅन आणि पट्ट्यापासून हात आणि वायरी लांब ठेवा, आणि जमलं तर मॅक्स होल्डचं बटण दाबून ठेवा म्हणजे डोळा चुकला तरी आकडा राहील.

महूकर · सोमवार, रात्री ८:३०

ताई, हे पावसाचं डोक्यात प्रकाश पाडणारं आहे. आमच्या काकांच्या जुन्या गाडीत हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा वर जायचा आणि बंद केला की खाली यायचा, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर साफ केला, तेही असंच असणार.

हार्नेसवाली · सोमवार, रात्री ८:४४

अगदी शक्य आहे महूकर. मीटरचा डबा आणि हेडलाइट यांचा अर्थ एकाच बोल्टवर आणि तो बोल्ट खराब, तर हेडलाइटच्या करंटमुळे त्या बोल्टचं व्होल्टेज वर उचललं जातं. डबा स्वतःची जमीन शून्य धरूनच सेन्सर वाचतो, त्याची जमीनच हलली तर काटा हलणारच, पाणी तेवढंच गरम असलं तरी.

सुदामानगरकर · मंगळवार, रात्री ९:३०

ताई, काका, हात थरथरतायत लिहिताना. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बायकोला आत बसवून सगळं मोजलं. काड्या एकमेकींना टेकवल्या तर खरंच ०.३!

सगळं चालू करून इंजिनवर ०.०३. बॉडीवर, डाव्या स्ट्रटच्या वरच्या बोल्टवर, ०.९२. मला वाटलं काडी नीट लागली नाही, परत परत बघितलं, ०.९ च. बायकोने स्टिअरिंग फिरवायला घेतलं तशी २.२ झाली आणि एका क्षणाला दिवे लागले, मॅक्स होल्डवर ३.१ होतं. त्याच वेळी बॅटरीवर १३.४ होतं. म्हणजे डब्यांना १०.३ च मिळत होतं ना? मी बरोबर समजतोय का?

मग बॉडीची केबल कुठे जाते ते बघत गेलो तर बॅटरी ट्रेच्या खाली, डाव्या एप्रनवर, नव्या एप्रनवर, बोल्ट. बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं, इतका गरम. आणि बोल्टच्या भोवती गाडीच्या रंगाचा रंग दिसतोय, एकदम चकचकीत.

जुना वायरमन · बुधवार, सकाळी ६:०५

बरोबर समजलात. १३.४ मधून ३.१ गेले, उरले १०.३. एवढ्यावर एबीएसचा डबा व्होल्टेज लो लिहिणार नाही तर काय करणार, आणि स्टिअरिंगचा डबा कमी व्होल्टेजवर स्वतःला वाचवायला मदत कमी करतो म्हणून ते जड होतं. गरम बोल्ट ही तर सही झाली. जिथे व्होल्टेज खाल्लं जातं तिथेच उष्णता निघते, ०.९ व्होल्ट आणि ३५ अँपियर धरले तरी ३० वॉटच्या वर, सोल्डरिंगची छोटी इस्त्री त्या बोल्टमध्ये लावून ठेवल्यासारखं.

झालंय असं की नवीन एप्रन लावला, रंग मारला, आणि केबलची थिंबल (टोकाची धातूची कडी) त्या रंगावरच बसवून बोल्ट आवळला. रंग हा विजेला अडवणारा. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. मार्चमध्ये आट्या नवीन होत्या, कोरड्या होत्या, चाललं. पावसाची ओल आट्यांत गेली, गंज धरला आणि रस्ता आणखी अरुंद झाला. म्हणून पावसाचा अगदी काहीच हात नाही असंही नाही, ताईंचं म्हणणं आणि हे दोन्ही एकत्र धरा.

पण एक गोष्ट मला अजून खटकतेय. बॉडीचा अर्थ इतका खराब असूनही इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये एक वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी असते बऱ्याच गाड्यांत, ती असती तर बॉडीचा करंट तिच्यातून इंजिनवर आणि तिथून जाड केबलने बॅटरीत गेला असता, आकडा एवढा चढलाच नसता. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याचा पत्र्याशी धातूने संबंध नसतो, म्हणून ती पट्टी देतात, आणि इंजिन हलतं म्हणून ती विणलेली असते. डिझेलचं हलणं जास्त, धागे एकेक करून तुटतात. तुमच्याकडे ती एक तर तुटलीय किंवा मार्चच्या कामात लावायची राहिलीय. ती शोधा. वर वरच्या माउंटिंगपाशी किंवा खाली गिअरबॉक्सपाशी असेल.

या पट्ट्यांना हलकं समजू नका. मी एका गाडीत बघितलंय, इंजिनची जाड अर्थ केबल तुटलेली होती आणि सेल्फ मारला की क्लचच्या केबलमधून धूर यायचा. सेल्फला कुठून तरी परत जायचं होतं, त्याला ती बारीक तार सापडली. मालकाने दोन क्लच केबल बदलल्या होत्या.

आता काम कसं करायचं. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, गाडी बंद, चावी बाहेर. दहा मिनिटं थांबा, एअरबॅगच्या डब्यात थोडी वीज साठवलेली असते, तिला उतरू द्या. पिवळे कपलर (वायरींचे जोड) दिसतील ते एअरबॅगचे, त्यांना हात नाही लावायचा आणि त्यांच्यात मीटर तर कधीच घालायचा नाही, हे परत सांगतो, कधीच नाही. एप्रनचा बोल्ट बहुतेक एम ६ असेल, १० नंबरच्या पान्याने निघतो. थिंबलच्या आकाराएवढी जागा रेगमालने घासून पांढरा चकचकीत धातू काढा, थिंबलची दोन्ही तोंडं घासा, बोल्ट नवीन घ्या, मध्ये दातेरी वॉशर टाका, ते दात पत्र्यात रुततात. आधी कोरडं आवळायचं, मग वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस फासायचं म्हणजे ओल शिरणार नाही. घासलेल्या पत्र्यावर काही न लावता सोडलं तर पुढच्या पावसाळ्यात परत गंज.

सुदामानगरकर · बुधवार, दुपारी १:१०

काका, पट्टी सापडली! वरच्या माउंटिंगपाशीच होती, म्हणजे अर्धी होती. इंजिनकडचं टोक बोल्टला आहे, बॉडीकडचं टोक तुटून चार-पाच हिरव्या धाग्यांवर लोंबकळतंय. हात लावला तर हिरवी भुकटी पडली. ही कंपनीचीच घेऊ की बनवून घेऊ? आणि तोपर्यंत गाडी चालवू का?

हार्नेसवाली · बुधवार, दुपारी १:४०

मिळाली तर तीच घ्या, नाही तर २५ स्क्वेअरची (२५ चौरस मिलिमीटर जाडीची) लवचीक तांब्याची केबल, दोन्ही टोकांना तांब्याच्या थिंबल नीट दाबून घ्या, हायड्रॉलिक प्रेसने, पक्कडने चेपलेली नको. नुसतं सोल्डर करू नका, सोल्डर जिथे संपतं तिथे केबल कडक होते आणि इंजिनच्या हादऱ्याने बरोबर तिथूनच तुटते. लांबी थोडी जास्त ठेवा म्हणजे इंजिन हललं तर ताणली जाणार नाही.

नवीन गाड्या असलेल्यांसाठी एक, ज्यांच्या बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा सेन्सरचा डबा असतो त्यांनी जादाची अर्थ केबल थेट खांबाला जोडू नये, करंट सेन्सरला वळसा घालून जातो आणि गाडीला बॅटरीचा हिशेब लागत नाही. बॉडीवरच्या बोल्टला जोडायची.

तोपर्यंत फार गरज असेल तरच चालवा, डिफॉगर बंद ठेवा, जागेवर स्टिअरिंग फिरवू नका. स्टिअरिंग जड झालं तरी चाकं वळतात, फक्त जोर लागतो, हे लक्षात असू द्या, घाबरून सोडू नका.

तिलकनगर · बुधवार, रात्री ९:००

वायरमन काका, तुमचं पटलं, मी आमच्या मेकॅनिकलाही वाचून दाखवलं, तो म्हणाला आजपासून मीटरनेच बघणार. सुदामानगरकर, सियागंजात तांब्याच्या थिंबल आणि दातेरी वॉशर आरामात मिळतात, मी बोअरिंगच्या पॅनेलसाठी तिथूनच आणले होते. हवं तर माझ्याकडे दोन वॉशर शिल्लक आहेत, घेऊन जा.

सुदामानगरकर · शुक्रवार, रात्री १०:१५

झालं काम. काल दुपारी सुट्टी टाकली. एप्रनचा बोल्ट काढला तर थिंबलच्या खाली गोल ठसा, त्याच्यात एक कणभरही धातू उघडा नाही, सगळा रंग, आणि बोल्टच्या आट्या लालभडक. काकांनी जसं लिहिलं होतं तसंच, मी फोटो काढून ठेवलाय. घासायला पाऊण तास लागला कारण खाली प्रायमरही होता, तो फसवतो, राखाडी असतो आणि धातूसारखा दिसतो. मी आधी तिथेच थांबलो होतो, मग मीटरची काडी टेकवून बघितलं तर बीपच वाजेना, म्हणून आणखी घासलं.

पट्टी काही मिळाली नाही, दुकानदार चार दिवस म्हणाला, म्हणून २५ स्क्वेअरची बनवून घेतली, थिंबल दाबण्यासकट ३४० रुपये. बोल्ट आणि वॉशर मिळून ५०, तिलकनगरवाल्या दादांनी वॉशरचे पैसे घेतलेच नाहीत, चहा मात्र पाजला.

आकडे. सगळं चालू करून बॉडीवर ०.०४. स्टिअरिंग जागेवर पूर्ण फिरवून जास्तीत जास्त ०.१२. बोल्ट थंडगार. बायकोने दहा वेळा डावीकडून उजवीकडे फिरवलं, एक दिवा लागला नाही. एअरबॅगचा दिवा मात्र अजून आहे, तो गेला नाही. त्याचं काय करू, आणि उद्या सकाळी निघू का?

जुना वायरमन · शुक्रवार, रात्री १०:४०

उत्तम आकडे आहेत. एअरबॅगचा डबा बऱ्याच गाड्यांत कोड धरून ठेवतो, व्होल्टेज सुधारलं तरी स्वतःहून सोडत नाही, स्कॅनरने पुसावा लागतो. पुसून परत आला नाही तर झालं. परत आला तर मात्र कोड काय म्हणतो ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. दिवा लागलेला असताना एअरबॅग उघडेलच असं धरता येत नाही आणि आई-बाबा सोबत आहेत, म्हणून निघण्याआधी पुसून घ्या, सकाळी सात वाजता दुकानावर या, मुलगा असेल, पाच मिनिटांचं काम आहे. पैशाचं काढायचं नाही.

हार्नेसवाली · शुक्रवार, रात्री १०:५२

काकांकडे जाल तेव्हा अजून एक बघून घ्या, स्टिअरिंगच्या खालच्या स्कॅनरच्या सॉकेटमध्ये ४ आणि ५ नंबरच्या पिना अर्थच्या असतात. सगळं चालू करून तिथून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत व्होल्ट मोजा, सॉकेटमध्ये काडी हलकेच टेकवायची, आत खुपसायची नाही. डॅशबोर्डच्या आतल्या अर्थचा अंदाज त्यावरून येतो, काही उघडावं लागत नाही.

सुदामानगरकर · रविवार, रात्री ८:२०

आत्ता घरी पोहोचलो. काल सकाळी काकांच्या मुलाने कोड पुसले, एअरबॅगचा दिवा गेला तो गेलाच. ४ नंबरच्या पिनेवर ०.०६ आणि ५ वर ०.०३ आलं. सिमरोल सोडलं आणि जो पाऊस लागला तो भेरूघाट संपेपर्यंत, हेडलाइट, वायपर, डिफॉगर, ब्लोअर सगळं मुद्दाम चालू ठेवलं होतं, माझं अर्धं लक्ष मीटरच्या दिव्यांकडेच होतं. एकही लागला नाही. आई मागे बसून पूर्ण घाटभर रामरक्षा म्हणत होती. दर्शन नीट झालं.

आज परतताना बडवाहला चहाला थांबलो तेव्हा बॉनेट उघडून बोल्टला हात लावून बघितला, इंजिनच्या उष्णतेने जेवढा कोमट तेवढाच. ज्यांनी मार्चमध्ये एप्रन बसवला त्यांना फोटो दाखवायला उद्या जाणार आहे, त्यांच्याकडे त्याच मॉडेलच्या अजून गाड्या येत असतील, त्यांच्यात हेच होऊ नये म्हणून.

काका, एकच विचारायचं राहिलं. मागच्या डिफॉगरचा आणि टेल लॅम्पचा अर्थ पण बघू का, की गाडी चाललीय तर हात लावू नको?

जुना वायरमन · सोमवार, सकाळी ६:१०

बघा, पण उघडू नका. डिफॉगर आणि ब्रेक लाइट चालू ठेवून डिकीच्या आतल्या अर्थच्या बोल्टवर काडी लावा. काळी काडी बॅटरीपर्यंत पोहोचणार नाही, म्हणून लांब वायर जोडून घ्या. ०.१ च्या आत असेल तर त्या बोल्टला पाना लावायचा नाही, आणि आकडा कुठे तरी लिहून ठेवा, दिवाळीनंतर परत मोजा.